मॉकराव

ऑगस्टात रात्री साडेदहानंतर फोन वाजला की माझी बायको स्क्रीनकडे न बघताच सांगते, "मॉकराव आहेत. जा."

फोनवर 'हॅलो' वगैरे नसतं. "एक जण कमी पडतोय. लिंक पाठवलीय. सातवा नंबर तुझा. तीस सेकंदांचं घड्याळ आहे, झोपू नकोस." मी "अहो, उद्या सकाळी आठची मीटिंग..." इथपर्यंत येतो, तोवर फोन बंद झालेला असतो. मग मी अंथरुणात लॅपटॉप उघडून, डोळे चोळत, कधीही न खेळल्या जाणाऱ्या सामन्यांसाठी, अर्ध्या तासाने पुसून टाकायचा एक संघ निवडतो.

हे गृहस्थ तुमच्याही ओळखीत असणार. गाडी पहाटेची असली की आदल्या दिवशी 'किती वेळ लागतो बघू' म्हणून स्टेशनापर्यंत जाऊन येणारे. मुंजीच्या आधी रिकाम्या हॉलमध्ये आठ खुर्च्या मांडून पंगत कुठून वळेल ते बघणारे. तुमच्याकडचा मॉकराव सहली-मुंजींवर भागवतो. आमच्या न्यू जर्सीतल्या मॉकरावांना फँटसी फुटबॉल सापडला आणि तालमीला नाट्यगृह मिळालं.

फुटबॉल अमेरिकन. त्यात पायापेक्षा खांद्याला काम जास्त. बारा जणांनी जमायचं, एनएफएलच्या खऱ्या खेळाडूंमधून पाळीपाळीने एकेक उचलायचा आणि सोळा जणांचा कागदी संघ बांधायचा. पुढे सप्टेंबरपासून नाताळापर्यंत ते खेळाडू खऱ्या मैदानावर जे दिवे लावतील त्याचे गुण आपल्याला. दहा यार्ड पळाला की एक गुण, टचडाऊनला सहा, आणि बऱ्याच लीगांत नुसता चेंडू झेलला तरी एक. आयपीएलसारखा लिलाव नसतो, फक्त पाळी. ती पाळी सापासारखी वळते. पहिल्या फेरीत जो बारावा, तो दुसऱ्या फेरीत पहिला. ज्याला पहिला नंबर लागला, त्याला दुसरा खेळाडू थेट चोविसाव्या नंबरला मिळतो. हा ड्राफ्ट वर्षातून एकदाच, दोन तासांचा. मॉक ड्राफ्ट म्हणजे त्याची रंगीत तालीम. नाटकवाले दोन रंगीत तालमी करून पडदा वर करतात. मॉकरावांनी एका ऑगस्टात एकशे अकरा केल्या. वहीत नोंद आहे.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं: "येईल. माझ्यापर्यंत येईल."

याला शास्त्र आहे. प्रत्येक खेळाडूचा एक एडीपी असतो, म्हणजे लोक सरासरी कितव्या नंबरला त्याला उचलतात तो आकडा. एडीपी चाळीस असलेला खेळाडू तुम्ही पंचविसाव्या नंबरला उचललात तर तो 'रीच', साध्या मराठीत अधाशीपणा. तोच पन्नासपर्यंत घरंगळत आला आणि मग उचललात, तर ती 'व्हॅल्यू'. मॉकराव व्हॅल्यूचे भक्त. सगळे क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, तुटून पडतात तेव्हा ते हाताची घडी घालून बसतात. "संघ बत्तीस, म्हणजे क्वार्टरबॅक बत्तीस. आपण बारा जण, प्रत्येकाला लागतो एक. उरले वीस. कशाला धावायचं? येईल." हा हिशोब चोख आहे. रनिंग बॅकच्या (आरबी), म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या, बाबतीतही त्यांचं म्हणणं खोटं नाही. ज्याच्यावर दर रविवारी वीस वेळा दोनशे-तीनशे पौंडांची माणसं आदळतात, तो मोडायचाच. म्हणून पहिल्या फेऱ्यांत चेंडू झेलणारे रिसीव्हर घ्यायचे आणि पळणारे मागाहून गोळा करायचे. या पंथाला 'झीरो आरबी' म्हणतात. "त्यांचे पळणारे ऑक्टोबरात लंगडतील, मग बदली पळणारे येतील. माझ्यापर्यंत येतील."

इथपर्यंत ठीक होतं. पण हे शास्त्र माणसाने लॅपटॉप मिटल्यावर मिटावं. मॉकराव ते मंडळाच्या जेवणाला घेऊन आले.

शाळेच्या कॅफेटेरियात गणपतीचं जेवण होतं. मॉकरावांनी आधी ताटाशिवाय टेबलांची एक फेरी मारली. मग माझ्या कानाशी लागले, "मसालेभात सगळीकडे मिळतो, तो शेवटी घ्यायचा. अळूच्या भाजीचा एडीपी फार खाली आहे, पोरं हात लावत नाहीत. जिलबी आत्ता घेतलीस तर रीच. दुसऱ्या फेरीत घे." आम्ही अळूची भाजी घेऊन बसलो. तेवढ्यात कुणीतरी भज्यांची दोन ताटं भरून नेली आणि ते बघून मागचे दहा जण भज्यांवर धावले. "रन लागली!" मॉकराव हर्षाने म्हणाले. ड्राफ्टमध्ये एकाने टाइट एंड उचलला की पाठोपाठ पाच जण घाबरून टाइट एंडच उचलतात, त्याला रन म्हणतात. "भज्यांवर रन लागली की शहाण्याने जिलबीकडे वळावं." ते वळले. टेबलावर जिलबीचं रिकामं पातेलं होतं आणि तळाशी पाक. मॉकराव पाकाकडे पाहून म्हणाले, "दुसरं पातेलं येईल." मी मठ्ठा पिऊन घरी आलो.

घराच्या बाबतीतही तेच. २०२१ मध्ये गृहकर्जाचे दर तीन टक्क्यांखाली होते. सगळे मित्र घरं घेत होते. मॉकरावांनी एडिसन, पिस्कॅटवे, वुडब्रिज अशी चाळीस घरं पाहिली. प्रत्येक घरी सोफा कुठे बसेल ते टेपने मोजलं आणि सांगितलं, "अजून खाली येईल." २०२३ च्या ऑक्टोबरात दर पावणेआठवर गेले. मॉकराव अजून त्याच दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहतात. चाळीस घरांत सोफा कुठे बसतो हे मात्र त्यांना पाठ आहे.

बरं, एवढ्या तालमी करून ते जिंकतात का? छे. मॉकमध्ये त्यांचा संघ कायम 'ए प्लस' आणि खऱ्या लीगमध्ये कायम नववा-दहावा. २०२३ मध्ये ते वाट बघत बसले आणि तळाच्या फेरीत त्यांच्यापर्यंत खुद्द क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स आला. नुकताच न्यूयॉर्क जेट्समध्ये आलेला, चार वेळा एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, झालेला. अशी व्हॅल्यू शतकात एकदा मिळते! मॉकरावांनी पहिल्या सामन्याची तिकिटं काढली, आणि आठवडाभर आधी रिकाम्या मेटलाइफ स्टेडियमपर्यंत गाडी नेऊन परत आणली. ११ सप्टेंबरला ते वेळेवर पोचले. रॉजर्स मैदानात आला. चौथ्या प्लेला त्याची टाचेमागची शीर तुटली. वर्ष संपलं. जेट्स ओव्हरटाइममध्ये जिंकले तेव्हा स्टेडियममध्ये नाचायचं सोडून बसून राहिलेला एकच माणूस असेल, तर तो आमचा. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पार्किंग मात्र बरोबर त्याच जागी मिळालं."

२०२४ मध्ये चिठ्ठीत त्यांचा पहिला नंबर निघाला. त्यांचा इतका केविलवाणा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. पहिल्या नंबरवाल्याने कशाची वाट बघायची? सगळंच त्याच्यापुढे आलेलं असतं. बहुतेक सगळ्या तज्ज्ञांच्या यादीत अव्वल ख्रिश्चन मॅकॅफ्री होता, तोच त्यांनी घेतला. मॅकॅफ्री त्या हंगामात चार सामने खेळला. "आणि सेक्वॉन बार्कली चोविसाव्याला येईल," म्हणाले होते. बार्कलीला आमच्या न्यूयॉर्क जायंट्सनी सोडलं होतं आणि फिलाडेल्फियाने घेतलं होतं. तो आला नाही. आधीच कुणीतरी उचलला आणि तो २,००५ यार्ड पळाला. मॉकमध्ये मात्र मॅकॅफ्रीचा पाय कधी दुखला नव्हता. ऑगस्टात कुणीच लंगडत नाही. मॉकरावांचं ऑगस्टावर एवढं प्रेम का, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

तालमीवरची त्यांची श्रद्धा इतिहासाने हादरत नाही, उलट इतिहासालाच कामाला लावते. हा खेळ १९६२ मध्ये ओकलंड रेडर्सचे एक भागीदार बिल विन्केनबाख आणि मंडळींनी न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसून रचला. पुढच्या वर्षी त्यांच्या घरी पहिला ड्राफ्ट झाला आणि जगातल्या या पहिल्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू होता जॉर्ज ब्लँडा. त्याच मोसमात जिम ब्राऊन १,८६३ यार्ड पळाला. "जिम ब्राऊन समोर असताना ब्लँडा!" मॉकराव आजही कळवळतात. "एक, नुसता एक मॉक केला असता तर!"

आता हे सांगायचं नव्हतं, पण सांगून टाकतो.

२०२३ च्या जानेवारीत माझी नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी मिळाली नाही तर सामान बांधायचं. तिसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला दार वाजलं. मॉकराव वही आणि फोनवरचं तीस सेकंदांचं घड्याळ घेऊन उभे. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले आणि इंग्रजीत म्हणाले, स्वतःबद्दल सांगा. मी सांगायला लागलो. घड्याळ वाजलं. "तुझ्याआधीचा उमेदवार निवडून झाला. पुन्हा." रोज रात्री, स्वतःचं ऑफिस करून, ते यायचे. कधी मायाळू मॅनेजर व्हायचे, कधी खडूस. एकदा चक्क जांभया देत फोन बघणारा मुलाखतकार झाले आणि मी चिडलो, तेव्हा म्हणाले, "असाच भेटणारे." एक्केचाळीस मॉक झाले. त्रेपन्नाव्या दिवशी मला नोकरी मिळाली. खरा मुलाखतकार मॉकरावांच्या मानाने फारच सात्त्विक होता.

मी पेढे घेऊन गेलो. त्यांनी वही उघडून माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि विचारलं, "ऑगस्टात सातवा नंबर चालेल ना?"

त्या वहीचं मागचं पान मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यावर फुटबॉल नव्हता. महिन्यांची एक रांग होती आणि प्रत्येक महिन्यापुढे एक तारीख. ग्रीन कार्डाचं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला येतं आणि कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांची पाळी आली ते सांगतं. एका देशाला सात टक्क्यांहून जास्त कार्डं नाहीत, मग तो देश आइसलँड असो की भारत. त्यामुळे आपली रांग दहा-बारा वर्षांची. तारीख कधी तीन आठवडे सरकते, कधी जागची हलत नाही, आणि कधी चक्क मागे जाते. मॉकरावांचा अर्ज २०१४ चा आहे. मुलगी चार वर्षांची असताना इथे आली. एकवीस पूर्ण झाली की ती बापाच्या अर्जातून गळू शकते. फँटसीवाल्यांनी निदान सापाची वळणं ठेवली. शेवटच्याला पुढच्या फेरीत पहिला नंबर मिळतो. ही दुसरी रांग सरळ आहे, आणि तिची तालीम करता येत नाही. "येईल" हे वाक्य माणसाने कुठून उचललं असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी त्याच्या जिलब्या करत बसलो होतो.

२०२५ चा खरा ड्राफ्ट ३१ ऑगस्टला, गौरी बसल्या त्या संध्याकाळी झाला. मॉकरावांच्या घरी हॉलमध्ये गौरी आणि स्वयंपाकघरात ड्राफ्ट. त्यांना बारावा नंबर लागला होता. सुट्टीला घरी आलेली मुलगी शेजारी बसली होती. पाचव्या फेरीत, साठाव्या नंबरला, ती म्हणाली, "बाबा, हा घ्या ना." कॅम स्कॅटबो. जायंट्सचा नवा पोरगा, समोरच्याला वळसा न घालता सरळ धडकणारा. त्याचा एडीपी कितीतरी मागे होता. मॉकराव दोन-तीन फेऱ्या थांबले असते तरी तो आला असता. मी वाक्याची वाट बघत होतो. स्क्रीनवर घड्याळ उतरत होतं. मॉकरावांनी बटण दाबलं.

ग्रुपवर हलकल्लोळ झाला. अकरा जणांनी एकाच वेळी लिहिलं, "रीच!!!" मॉकरावांचं उत्तर एका शब्दाचं होतं: "हो."

९ ऑक्टोबरच्या गुरुवारी त्या पोराने फिलाडेल्फियाविरुद्ध तीन टचडाऊन केले. रात्री साडेअकराला माझा फोन वाजला. बायको झोपेतच म्हणाली, "मॉकराव." लिंक नव्हती, नंबर नव्हता. फक्त, "बघितलंस?" आणि मागे मुलीचा आरडाओरडा.

२६ तारखेला, पुन्हा फिलाडेल्फियाविरुद्धच, त्याचा घोटा निखळला. हंगाम संपला. अशा खेळाडूला संघातून काढून जागा मोकळी करतात, हे त्यांनीच मला शिकवलेलं. दोन आठवड्यांनी पाहिलं तर तो तिथेच. मी फोन केला, "अहो, स्कॅटबोला काढा की. जागा अडलीय."

"राहू दे रे," मॉकराव म्हणाले. "येईल परत."