मान हलवू नका

हायफायकाकांच्या घरी चहाला जाणाऱ्याने मानेचा थोडा व्यायाम करून जावं. काका आधी चहा देत नाहीत, खुर्ची देतात. खुर्ची वेताची, बिनहातांची, आणि तिच्या चार पायांभोवती फरशीवर खडूचे चार गोल. खुर्ची गोलातून बोटभर सरकली तर काकांना बाहेरच्या खोलीतसुद्धा कळतं. पाहुणा बसला की काका शर्टाच्या खिशातून टेप काढतात, त्याच्या दोन्ही कानांपासून दोन स्पीकरपर्यंतची अंतरं मोजतात, हनुवटीला दोन बोटं लावून न्हाव्यासारखा चेहरा सरळ करतात आणि सांगतात, "आता मान हलवू नका."

आणि लावतात काय, तर ख्याल!

मराठी माणसाला समेवर मान हलवू नका म्हणणं म्हणजे समोर मिसळ ठेवून वास घेऊ नका म्हणण्यापैकी आहे. सम आली की मान जाते. मान गेली की काका गाणं थांबवतात, मागे नेतात, पुन्हा टेप काढतात. एका पाहुण्याला विलंबित एकतालाच्या पहिल्याच आवर्तनात सात वेळा सरळ करण्यात आलं. पुढे ते गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले ते जिन्यात काकूंच्या हातात देऊन परस्पर गेले.

वाईट एवढंच की या छळाला शास्त्राचा आधार आहे. दहा हजार हर्ट्झची लहर हवेत जेमतेम साडेतीन सेंटीमीटर लांब असते. दोन स्पीकर आणि श्रोता असा समभुज त्रिकोण असेल आणि डोकं पावणेदोन सेंटीमीटर बाजूला झालं, तर दोन्हीकडून आलेली तीच लहर कानाशी एकमेकींना मारायला लागते. काका हा हिशेब भिंतीवर पेन्सिलीने करून दाखवतात. भिंत रंगवायची वेळ आली तेव्हा रंगाऱ्याला तेवढा चौकोन सोडायला लावला होता.

तर अशा माणसाकडे, खालच्या मजल्यावरच्या मुलाने एका रविवारी सहज विचारलं, "काका, स्पीकर घ्यायचेत. पंचवीस हजारांत चांगले कुठले?" नोकरीला लागून त्याला वर्ष झालं होतं. खोली आठ बाय दहा. कंबरेएवढे उंच, जमिनीवर उभे राहणारे, तीन-तीन वूफरचे स्पीकर त्याने मोबाइलवर बघून ठेवले होते. काकांनी फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "आधी खोली दाखव." सोसायटीचा नकाशा एकच, त्यामुळे ती खोली म्हणजे काकांचीच खोली एक मजला खाली. तरी टेप निघाली.

पुढचा पाऊण तास मुलगा खर्जाबद्दल ऐकत होता. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत आठ फूट असतील तर त्यांच्यामध्ये ७० हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमू लागतो. आणि काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज किती? ६९! म्हणजे बिल्डरने ही खोली नकळत काळी एकमध्ये बांधली आहे. भिंतीला टेकून बसलं तर तंबोरा छातीवर बसतो आणि बरोबर मध्यावर बसलं तर खर्जाची तार तुटल्यासारखी नाहीशी होते. पलंग आणि कपाट आडवे येत असल्याने स्पीकर लांब भिंतीशीच ठेवावे लागणार होते, आणि मुलाने खुर्ची ठेवली होती बरोबर मध्यावर. काकांनी ती फूटभर मागे ओढली. "अशा खोलीत तीन-तीन वूफर आणणार? पितळी पातेल्यात ढोल वाजवशील!"

मुलाला फक्त मॉडेलचं नाव हवं होतं. ते मिळायला तीन शनिवार गेले.

पहिल्या शनिवारी वारी लॅमिंग्टन रोडची. डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. रस्त्याचं नाव कधीच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालंय, पण सर्किट आणि स्पीकर घेणाऱ्यांच्या तोंडातून लॅमिंग्टन जात नाही. दुकानात फळीवर एकाला एक खेटून सोळा स्पीकर. दुकानदाराने सवयीने ढिनच्याक गाणं लावलं, "अंकल, बास देखो बास!" काकांनी खिशातून पेनड्राइव्ह दिला. त्यात नुसता तंबोरा. एवढ्या गर्दीच्या दुकानात चार मिनिटं नुसता तंबोरा वाजत होता आणि काका एका अनोळखी गिऱ्हाइकाला सांगत होते, "जरा मान हलवू नका हो."

दुसरा स्पीकर सरस वाटला तेव्हा त्यांनी मोबाइलवर आवाजाची पातळी मोजून दाखवली. तो थोडा मोठा लावला होता, इतकंच. जरासा मोठा वाजणारा स्पीकर कानाला गोड लागतो, ही या धंद्यातली जुनी गोम. दुकानदार ओशाळून हसला. मग त्याने वॉटचा विषय काढण्याची चूक केली. नव्वदच्या दशकात खोक्यांवर छापून यायचे ते हजार-हजार वॉट 'पीएमपीओ' हे काकांचं जुनं दुखणं. त्या आकड्याला प्रमाण असं नव्हतंच, ज्याला जो सुचेल तो त्याने छापावा. काकांचं म्हणणं, आवाज तीन डेसिबलने चढवायला वॉट दुप्पट लागतात, आणि आठ बाय दहाच्या खोलीत रोजच्या ऐकण्याला एक-दोन वॉटच खर्ची पडतात. बाकीचे वॉट गणपती मंडळाला द्यावेत.

दुसऱ्या शनिवारी बीबीसी. लहान खोलीचा विषय निघाला की काकांना एलएस३/५ए हे नाव घेतल्यावाचून राहवत नाही, आणि घेताना त्यांचा आवाज देवघरात शिरल्यासारखा खाली येतो. १९७०च्या दशकात बीबीसीच्या इंजिनिअरांना बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, दाटीवाटीत, माणसाचा आवाज पारखायला स्पीकर हवा होता. त्यांनी केला तो पाचेक लिटरचा बंद खोका, गोडेतेलाच्या डब्याएवढा. अगदी खालचा खर्ज त्यात नाहीच, पण बोलणारा माणूस समोर बसतो. मोल इतकं की जुन्या जोड्या आजही लोक जपून ठेवतात. ते आपल्या ऐपतीबाहेरचं, पण धडा फुकट: छोट्या खोलीला छोटा खोका, शक्यतो पाठीला भोक नसलेला. भोक असलाच आणि स्पीकर भिंतीला चिकटवावा लागला, तर त्यात मोजा कोंबावा. काका मोजाही घेऊन आले होते. धुतलेला होता, असं मुलाची आई सांगते.

तिसऱ्या शनिवारी, परदेशी चाललेल्या एका कुटुंबाकडून, पाच इंची वूफरची वापरलेली जोडी चौदा हजारांना मिळाली. सोबतीला एक जुना नॉर्ज अँप्लिफायर, नागपूरच्या बनावटीचा, सहा हजारांना. मुलाला वाटलं, सुटलो.

मग आरसा आला. मुलाने खुर्चीत बसायचं (मान न हलवता), दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा, आणि आरशात जिथे ट्वीटर दिसेल तिथून आवाज उलटून कानावर येतो म्हणून तिथे जाड काहीतरी टांगायचं. आरसा धरायला काकूंना बोलावलं होतं. "पस्तीस वर्षांत माझ्यासाठी कधी आरसा धरला नाहीत," एवढंच बोलून त्यांनी खूण केली आणि आजीची गोधडी तिथे खिळ्याला लागली. स्टँडसाठी काकांनी विटा रचल्या, वर ओट्याचे उरलेले ग्रॅनाइटचे दोन तुकडे ठेवले. लिफ्ट बंद होती. ते तुकडे पासष्टीच्या या माणसाने, गुडघ्याचं दुखणं असताना, स्वतः खाली आणले आणि मुलाला हात लावू दिला नाही. पाच हजार उरले ते परत मोजून दिले, रिक्षाच्या पैशांसकट. त्रासदायक माणसाबद्दल असं काही लिहावं लागणं जिवावर येतं, पण घडलं ते असं.

खुद्द काकू सगळं गाणं स्वयंपाकघरातून ऐकतात, ओट्याशी, स्पीकरकडे पाठ करून. कुकरची शिट्टी मध्ये आली तरी चालतं. समेला त्यांची मान व्यवस्थित हलते.

आभार मानायला मुलगा पेढे घेऊन वर गेला, तेव्हा काकांनी त्याला वेताच्या खुर्चीत बसवलं आणि कधी कोणासाठी न काढलेली एक कॅसेट काढली. सत्तरच्या दशकातली गिरगावातली घरगुती बैठक. काकांच्या वडिलांनी उसना आणलेला फिलिप्सचा रेकॉर्डर मांडीशी ठेवून भरलेली. गवई फारसे नावाजलेले नव्हते. रेकॉर्डिंगही मोनो, एकाच माइकचं. म्हणजे डावं-उजवं असं त्यात काही नाहीच. ऐकायला एक स्पीकर पुरे होता.

पण मोनो आवाज दोन स्पीकरमधून एकसारखा सोडला आणि ऐकणारा नेमका मधोमध बसला, तर तो आवाज दोन्हींतून येत नाही. मधल्या मोकळ्या जागेतून येतो, जिथे काहीच नसतं. काकांच्या खोलीत त्या जागी कालनिर्णय टांगलेलं आहे. खोकला, भांड्याचा आवाज, ठेका, मग गवयाने एक तान घेतली, सम आली, आणि कालनिर्णयाच्या जरा खालून, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या उंचीवरून, कोणीतरी अगदी जवळ म्हणालं, "वा!"

काका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. तिथून सगळं उजव्या स्पीकरचंच ऐकू येतं. खुर्ची एकच होती आणि ती त्यांनी देऊन टाकली होती. दुसरी सम आली तेव्हा काकूंनी पुढे केलेला चहा घ्यायला मुलगा डावीकडे वाकला, आणि दारातून आवाज आला,

"सरळ बस रे. बाबा डावीकडे गेले."