पीळ द्या, पीळ!

आमच्या कॉलनीतले अप्पा कुणाच्याही घरी गेले की बेल वाजवण्याआधी कुंपण हलवून बघतात. हातात पेढ्यांचा पुडा असो की आजाऱ्यासाठी नेलेलं शहाळं, ते डाव्या हातात जातं आणि उजवा हात कुंपणावर पडतो. काटेरी तार असली तर नुसतंच ‘च्यक्’. जाळी असली तर ‘कोंबड्या पाळल्यात का?’ सिमेंटची उंच भिंत असली तर ‘घरात कुणी जेलर आहे का?’ आणि वेलीचं सोंग घेतलेला तो प्लास्टिकच्या हिरव्या पानांचा पडदा कुणी लावलेला असला, तर मात्र अप्पा काही बोलत नाहीत. चपला काढतात, आत जाऊन बसतात आणि चहाला नको म्हणतात. अप्पांनी चहाला नको म्हणणं किती गंभीर आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी दुसऱ्याच दिवशी तो पडदा भंगारवाल्याला दिल्याची उदाहरणं आमच्याकडे आहेत.

अप्पा मूळचे गुहागरकडचे. दिवाळी झाली की आगराला नवी वई घालायची, हा त्यांच्या घरचा शिरस्ता. पुढे विम्याच्या कचेरीत नोकरी लागली आणि डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड झालं. तिथे कुंपण घालणार कशाला? तरी एकदा गॅलरीच्या ग्रिलला त्यांनी गावाहून आणलेली झापं बांधली होती. ती पहिल्या वाऱ्याला सुटून खालच्यांच्या वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांवर उतरली, आणि तो विषय तिथेच मिटला, असं काकू सांगतात. मिटला कसला! निवृत्तीनंतर तळेगावला तीन गुंठ्यांत बैठं घर बांधलं आणि इतकी वर्षं ग्रिलच्या आत दबून बसलेला माणूस मोकळा सुटला. बाकीचे लोक निवृत्त झाले की गीतेच्या वर्गाला जातात, नाहीतर हास्यक्लबात. अप्पा कोयती घेऊन निर्गुडी तोडायला गेले.

निर्गुडीवर त्यांची फार श्रद्धा. ओढ्याकाठी फुकट मिळते, फोक सरळ निघतो, ओला असताना म्हणाल तसा वाकतो आणि शेळी तोंड लावत नाही. हे चार गुण ते बोटांवर मोजतात आणि अंगठा रिकामा राहतो म्हणून पाचवा सांगतात, ‘गुडघे दुखले तर पाला शेकायला.’ उभ्या मेढी मात्र बांबूच्या, त्यातही माणगा मिळाला तर अप्पांच्या चेहऱ्यावर जावई आल्याचा आनंद. सिंधुदुर्गात होणारा हा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्याला काटे नसतात. त्यामुळे कुडाळ-सावंतवाडीकडे निघालेल्या माणसाला इतर लोक काजू आणायला सांगतात, अप्पा माणगा. भाच्याचं लग्न कुडाळला झालं तेव्हा परतीच्या बसच्या टपावर नवरीच्या कपाटाशेजारी आठ माणगे बांधलेले होते. घाटात मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. अप्पा खिडकीतून मान काढून त्यांना टोकांना बांधलेलं लाल फडकं दाखवत होते.

त्यांचं विणणं मात्र बघत राहावं असं. मेढी हातहातभर अंतरावर ठोकलेल्या. अप्पा पाटावर बसतात, फोक बुडख्याच्या बाजूने घालतात, एका मेढीच्या पुढून, दुसरीच्या मागून. वरची ओळ नेमकी उलट. शेवटच्या मेढीपाशी खरी परीक्षा. तिथे फोक नुसता वळवला तर काडकन मोडतो. अप्पा दोन्ही मुठींत धरून त्याला स्वतःभोवती पिळतात. साल तडकते, आतले धागे सुंभासारखे मोकळे होतात, हिरवट कडसर वास सुटतो, आणि मग तोच आडमुठा फोक मेढीला वळसा घालून मुकाट्याने परत फिरतो. ‘पीळ द्या, पीळ! पिळलं की मोडत नाही.’ चार ओळी झाल्या की त्या धोपटण्याने ठोकून खाली दाबायच्या. हे धोपटणं काकूंचं. घरात वॉशिंग मशीन आल्यावर ते अडगळीत गेलं होतं, ते अप्पांनी सेवेत परत घेतलं. एक दिवस मशीन बिघडलं आणि काकूंनी धोपटणं मागितलं, तेव्हा ‘कामावर आहे’ असं उत्तर मिळालं.

अप्पांच्या घरात कालनिर्णय आहे, पण त्यात ते एकादशी बघत नाहीत, संकष्टी बघत नाहीत, गॅस कधी लावला तेही लिहीत नाहीत. फक्त अमावास्या बघतात. बांबू अमावास्येला तोडला तर त्याला भुंगा लागत नाही, पौर्णिमेला तोडला तर वर्षाच्या आत पीठ पडतं, ही त्यांच्या आजोबांची शिकवण. यातलं खरं कारण बांबूतल्या पिठूळपणाचं. त्या पिठावरच भुंगा जगतो. जाणकारांचा भर चंद्रापेक्षा ऋतूवर असतो: पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडावा, आणि कोवळा नको, तीन-चार वर्षांचा पक्का हवा. हे मी एकदा भीत भीत सांगून पाहिलं. अप्पा म्हणाले, ‘बरोबर आहे. थंडीतल्या अमावास्येला तोडायचा.’

तोडलेला बांबू आठवडेच्या आठवडे पाण्यात बुडवून ठेवला की तो पिठूळपणा बराच निघून जातो. गावी त्यासाठी वाहता व्हाळ होता. इथे पाण्याची जुनी टाकी आहे, ती काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, आणि तिसऱ्या दिवसापासून तिला जो वास सुटतो त्याबद्दल काकू माहेरच्या लोकांशी फोनवर बोलतात. बाहेर काढलेल्या मेढींची बुडं अप्पा शेकोटीत काळी होईतो भाजून घेतात आणि वर काजूच्या टरफलांचं तेल फासतात. ते अंगाला लागलं की कातडी सोलवटते, म्हणून हातात प्लास्टिकच्या पिशव्या. एवढं करूनही वाळवी यायची तेव्हा येतेच. ‘तिलाही घर चालवायचंय,’ अप्पा म्हणतात.

पाकिटात माणसं बायकोमुलांचे फोटो ठेवतात. अप्पांच्या पाकिटात वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे: 2017 साली भारतीय वन कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. 1927 पासून कागदोपत्री तो झाड होता. ‘नव्वद वर्षं लागली सरकारला गवत ओळखायला!’ असं म्हणून ते कात्रणाची घडी पुन्हा घालतात. घडीवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत, पण त्यांना ते पाठ आहे.

कुंपणाइतकाच जीव ताट्यांवर. वेल चढवायला अप्पांच्या परसात कामट्यांच्या चौकटी, निर्गुडीच्या कमानी, घेवड्यासाठी वर गाठ मारलेले तिकाटे, असा सगळा संसार उभा असतो. पाहुण्यांना ते दोडक्याच्या वेलीपाशी नेतात. तणावा जवळून बघायला लावतात. खरबरीत काडीला तो दोन दिवसांत वेढे घालतो आणि मग मधला भाग गुंडाळून घेतो, वेल ताटीला ओढली जाते. ‘आता मे महिन्यात दुपारी लोखंडी पाइपाला हात लावा!’ पाहुण्याने नोव्हेंबरच्या सकाळी काय करावं हा प्रश्नच असतो. घेवड्याला तणावा नसतो, तो अंगानेच काठीला वळसे घेत चढतो, आणि सगळे वळसे एकाच दिशेने. एका नातवाने तो उलटा गुंडाळून पाहिला. सकाळी वेल पुन्हा आपल्या बाजूने निघाली होती. अप्पांनी त्या दिवशी नातवाला वीस रुपये दिले. पडवळाच्या टोकाला दगड बांधायचं काम मात्र ते कुणावर सोपवत नाहीत. कुठल्या पडवळाला किती वजनाचा दगड, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो.

त्यांना बाहेर नेणं जोखमीचं. लग्नाला गेलो की आपण नवरा-नवरी बघतो, अप्पा मांडवाच्या मागच्या बाजूला जाऊन गाठी बघतात. देवळाच्या रांगेत बांबूचे कठडे असले की रांग त्यांच्यामुळे अडते. एकदा तर शेजारच्या गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ गेले. अंगणात तिरडी बांधायचं काम चाललेलं, सगळे गप्प. अप्पा वाकले, बांबूवर टिचकी मारली आणि कानाशी येऊन म्हणाले, ‘कोवळा आहे हो. पण म्हणा, अर्ध्या तासाचा प्रश्न.’ मग राहवेना म्हणून स्वतःच पुढे झाले, बांधणाऱ्याच्या हातून सुंभ घेतला, आडव्या कामट्या सोडवून पुन्हा नीट बांधल्या. गेलेल्या गृहस्थांच्या मुलाने तेराव्याला मुद्दाम अप्पांचा हात धरून सांगितलं, ‘बाबांना एक धक्का बसला नाही.’

मधे ते लेकीकडे ब्रिस्टलला जाऊन आले. येताना लोक चॉकलेटं आणतात, टॉवर ब्रिजसमोरचे फोटो आणतात. अप्पांनी सॉमरसेटच्या सखल, पाणथळ मुलखातले कुंपणांचे फोटो आणले. तिथे विलोची शेती होते. थंडीत पानं गळाली की बुडातून कापणी, वसंतात त्याच बुडख्यातून पुन्हा नवे फोक. सालीसकट वाळवले तर तपकिरी, सालीसकट उकळून मग सोलले तर बदामी, आणि वसंतात रस चढल्यावर सोलले तर पांढरेशुभ्र. सालीसकट वाळवलेले फोक विणायच्या आधी कित्येक दिवस भिजत घालावे लागतात, हे ऐकून अप्पांनी वळून काकूंकडे ज्या नजरेने बघितलं ती काकूंनी अजून माफ केलेली नाही. उरलेल्या काटक्यांचा चित्रकारांसाठी कोळसा करतात, तोही ते खिशातून आणून कॉलनीतल्या मुलांना वाटून मोकळे झाले. फोटोंमध्ये लेक एकदाच दिसते, तीही एका विणलेल्या कमानीची उंची कळावी म्हणून उभी केलेली.

‘तुमच्या मुलाची बॅट ज्या कुळातल्या झाडाची ना, त्याच कुळातलं हे,’ ते मला सांगत होते. ‘काश्मिरातल्या कांगडीची टोपलीसुद्धा याच फोकांची. आणि आपल्याकडे नाही असं समजू नका. सह्याद्रीत ओढ्यानदीच्या काठाला वाळुंज असतो, तो त्यांचाच भाऊबंद.’ त्यानंतरच्या रविवारी सकाळी आम्ही दोघं इंद्रायणीच्या काठाने वाळुंज शोधत हिंडत होतो. वाळुंज दिसला नाही. एका शेतकऱ्याने मात्र, आम्ही जमीन बघायला आलोय असं समजून, गुंठ्याचा भाव सांगितला. अप्पांनी आधी त्याचं कुंपण हलवून बघितलं.

इंग्लंडात त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. ओला विलो जमिनीत खोचला की मुळं धरतो, आणि असं जिवंत कुंपण तिथले हौशी लोक मुद्दाम करतात. अप्पांच्या डोक्यात ते राहिलं. जूनच्या पहिल्या पावसात रस्त्याच्या बाजूला त्यांनी गिरिपुष्पाचे ओले खुंट रोवले, मधे निर्गुडी विणली. श्रावणात खुंट फुटले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते कुंपण कुंपण राहिलं नाही, झाडांची रांग झाली. फेब्रुवारीत सगळी पानं झडून फांद्या गुलाबी फुलांनी लगडल्या, आणि गाडी उभी करायला जागा नाही म्हणून सोसायटीची सभा बोलावली गेली.

सभेत सेक्रेटरींनी नियम वाचला: दर्शनी कुंपण चार फूट. अप्पा म्हणाले, ‘मी घातलं तेव्हा चार फूटच होतं.’ मग त्यांनी इतिहास काढला. आपल्याच पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वी तिथली माणसं कुडाच्या घरांत राहत होती. काटक्या विणायच्या, वर चिखल लिंपायचा. सेक्रेटरी म्हणाले, ‘ते गाव आता आहे कुठे?’ यावर अप्पा म्हणाले, ‘भिंतींच्या खुणा सापडल्या. तुमच्या नियमांच्या सापडतील का बघा.’ शेवटी खुंट दरवर्षी छाटायचे आणि पाला सोसायटीच्या खतखड्ड्याला द्यायचा, असं ठरलं. सभा संपताना सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, ‘सुंभ जळेल अप्पा, पण तुमचा पीळ जायचा नाही.’ अप्पांनी हे कौतुक समजून घेतलं. आता सेक्रेटरींच्या गच्चीत कारल्याची एक ताटी आहे. ती कुणी बांधून दिली ते विचारायचं नाही.

इतकं करून अप्पांचं कुंपण टिकतं किती? मेढी चार पावसाळे काढतात, निर्गुडी दोन. मुलाने एकदा हिशेब मांडून दाखवला की या खर्चात आणि श्रमांत पक्की भिंत केव्हाच झाली असती. अप्पांनी हिशेब नीट वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, ‘आणि मग दिवाळीनंतर मी काय करू?’ काकू आतून म्हणाल्या, ‘नको रे बाबा भिंत. हे दिवसभर घरात बसतील.’

आमच्या घराला तार आहे. काटेरी, गंजलेली, आधीच्या मालकाने लावलेली. इतकी वर्षं अप्पा तिच्याकडे बघून फक्त ‘च्यक्’ करत होते. परवा मात्र ते टेप घेऊन आले, मापं घेतली आणि माझ्याकडे न बघता आमच्या सौभाग्यवतींना म्हणाले, ‘वहिनी, येत्या अमावास्येला तुमच्या मेढी तोडायला सांगितल्यात. तुमची जुनी टाकी रिकामीच असते ना?’ मी टाकी कशाला लागते, वास कसा येतो, हे सांगायला तोंड उघडलं, तर आमच्या घरातून उत्तर गेलंही होतं, ‘हो हो, आणि धोपटणंसुद्धा आहे.’