ड्यूक जिन्यात उभा आहे

आमचा मावसभाऊ नंदूदादा दिवसा डोंबिवलीच्या एका पतसंस्थेत कर्जवसुली बघतो आणि रात्री लेडी मोरवेन असतो. लेडी मोरवेन तीनशे वर्षांच्या विधवा आहेत, धुक्यातल्या एका किल्ल्यात राहतात, जादू जाणतात आणि मांजरांना भितात. हे सगळं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. आवडता पदार्थ, जन्मखूण, डाव्या खांद्यावरचा व्रण, तो कुणी केला आणि त्याचं पुढे काय झालं. नंदूदादाने लग्नासाठी स्वतःचा बायोडेटा केला तो अर्ध्या पानात आटपला. मोरवेनबाईंचा अकरा पानी आहे.

उद्योग असा, की डिस्कॉर्डवर दहा-बारा जणांचा गट जमलेला आहे. एकेकाने एकेक पात्र घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट लिहायची. लेडी मोरवेन दार उघडतात, इथे नंदूदादाचा परिच्छेद संपतो. दाराबाहेर कोण आहे, भिजलाय की कोरडा, रागावलाय की रडतोय, हे ओहायोतला एक गृहस्थ लिहिणार. तो तिकडे गोदामात रात्रपाळी करतो आणि कथेत ड्यूक आहे. ड्यूकची लाडावलेली मुलगी मनिलात दंतवैद्यकी शिकते. किल्ला मात्र सामाईक, सोसायटीच्या गच्चीसारखा, त्यामुळे त्यावर सतत कुणीतरी काहीतरी वाळत घालून ठेवलेलं असतं. पात्र म्हणून बोलायचं ते सरळ लिहायचं आणि माणूस म्हणून बोलायचं ते दुहेरी कंसात, असा रिवाज आहे. दुहेरी कंसात ‘कुकर लावून येतो’ एवढं लिहून नंदूदादा उठतो, आणि तिकडे ड्यूक उपसलेली तलवार तशीच धरून तीन शिट्ट्या होईपर्यंत थांबतो.

या राज्यात महापाप एकच: दुसऱ्याचं पात्र आपण हलवायचं नाही. तलवार जरूर फिरवावी. मुंडकं उडालं की वाचलं हे ज्याचं मुंडकं तो सांगेल. हा नियम मोडणं म्हणजे गॉडमोडिंग. नवी मंडळी हमखास मोडतात. एकजण आला आणि पहिल्याच परिच्छेदात त्याने किल्ला जिंकून सगळ्यांना गुडघ्यावर बसवलं. नंदूदादाने त्याला दुहेरी कंसात, अत्यंत सभ्य इंग्रजीत कळवलं, की माझे गुडघे माझ्याकडेच राहू द्यावेत. दुसरी जात सर्वगुणसंपन्न नायिका आणणाऱ्यांची. तिला मेरी सू म्हणतात. 1973 साली पॉला स्मिथ या बाईंनी ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी लिहिलेल्या तसल्या कथांची टर उडवायला एक चिमुकली गोष्ट लिहिली. तिची नायिका साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट, आरमारातली सर्वांत लहान आणि सर्वांत हुशार. नाव तिथून चिकटलं. आपल्याकडे लग्नाच्या जाहिराती वाचल्या तर मेरी सू घरोघरी आहेत, पण ते असो.

पंचाईत ही झाली, की नियम नंदूदादाच्या हाडीमाशी मुरला. आमचं घराणं असं, की इथे प्रत्येकजण दुसऱ्याचेच संवाद बोलतो. ‘नंदूला भेंडी नाही हो चालत’, ‘नंदू येईल तुम्हाला स्टेशनवर सोडायला’, ‘नंदूच्या मनात कल्याणलाच फ्लॅट घ्यायचं आहे’. नंदूदादा जेवता जेवता शांतपणे म्हणतो, “आई, माझं पात्र तू लिहू नकोस.” मावशीला पहिल्यांदा वाटलं, मुलाला बाहेरचं काहीतरी झालं. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी “रंगकामाला सर्वांची संमती आहे असं धरून चालू” म्हटलं, तर हा उभा. “काका, तुम्ही फक्त तुमची संमती लिहा.” सभा दोन तास लांबली. रंग अजून लागलेला नाही.

पतसंस्थेत मात्र याच गुणाचं सोनं झालं. बाकीचे वसुलीवाले थकबाकीदाराचे संवाद स्वतःच म्हणतात: पगार झाला नाही म्हणणार, आई आजारी म्हणणार, आम्हाला ठाऊक आहे सगळं. नंदूदादा विचारतो, “मग, हप्त्याचं पुढे काय होतं?” आणि गप्प बसतो. समोरच्याच्या तोंडात एक शब्द घालत नाही. शिव्यांची तयारी करून आलेला माणूस त्या शांततेने असा घाबरतो, की आधी बायकोवर, मग मेव्हण्यावर, मग नशिबावर ढकलून शेवटी खिशात हात घालतो.

कांदेपोह्यांच्या वेळी हेच अंगाशी आलं. या लोकांचा आणखी एक दंडक आहे: आपला परिच्छेद असा संपवायचा, की पुढच्याला धरायला काहीतरी मिळालं पाहिजे. नुसतं ‘ती हसली’ लिहून सोडणारा भिडू कुणाला नको असतो. तेव्हा मुलीने “तुमचे छंद काय?” विचारल्यावर नंदूदादा म्हणाला, “वाचन.” मग भिडूला धरायला काही नाही हे लक्षात येऊन त्याने जोडलं, “आणि तेवढ्यात आतल्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला.” मुलीची आई खरोखर उठून बघायला गेली. मुलगी मात्र जागची न हलता म्हणाली, “मांजर असेल.” आमच्या मते तिथेच जमलं होतं. पण वडीलधारे मध्ये पडले आणि दोघांचेही संवाद तेच बोलले.

हे खूळ म्हणावं, तर नंदूदादा इतिहास काढतो. फासे टाकणारे वेगळे, ते 1974च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासूनचे, त्यांच्याविषयी तो सख्ख्या भाऊबंदांविषयी बोलावं तितपतच आदराने बोलतो. 1978 साली इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने नुसत्या अक्षरांची एक दुनिया संगणकात उभी केली, रिचर्ड बार्टलने ती पुढे वाढवली, आणि अनेकजण एकाच वेळी तिच्यात हिंडू लागले. तो त्याचा आद्य किल्ला. नंदूदादा स्वतः ऑर्कुटवर घडला. 30 सप्टेंबर 2014 रोजी ऑर्कुट बंद झालं त्या दिवशी त्याने दाढी केली नव्हती, हे मला आठवतं.

त्याचा लाडका दाखला 1931चा. ‘द फ्लोटिंग अॅडमिरल’ ही रहस्यकथा लंडनच्या डिटेक्शन क्लबमधल्या लेखकांनी एकेक प्रकरण वाटून घेऊन लिहिली. अगाथा ख्रिस्ती त्यात आहेत, डोरोथी सेयर्स आहेत, प्रस्तावनेचं प्रकरण चेस्टरटनचं. आधीच्याने करून ठेवलेला गुंता पुढच्याने निमूट पत्करायचा, आणि आपल्या मनात खुनी कोण हे ठरवूनच लिहायचं. अर्थात प्रत्येकाची उकल वेगळी. शेवटचं प्रकरण अँथनी बर्कलीच्या वाट्याला आलं आणि त्याचं शीर्षकच ‘पसारा आवरणे’ अशा अर्थाचं आहे. नंदूदादा हे सांगताना असा चेहरा करतो, की बर्कली याच्या शेजारच्या टेबलावर बसत असावा.

मावशीला यातलं काही पटलं नाही. पण ती कुडाळची. एकदा तो हे सगळं पुन्हा समजावत होता, की आधी नुसतं कथानक ठरतं, लिहिलेले संवाद नसतात, समोरचा काय बोलेल त्यावर आपण सुचेल ते बोलायचं. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “म्हणजे दशावतारच मां ह्यो!” खरंच आहे. तिथेही संहिता नसते. रंगायला बसल्या बसल्या नाटक सांगतात, आणि मग देव नि राक्षस पहाटेपर्यंत आपापल्या अकलेवर भांडतात. तेव्हापासून ती मोरवेनबाईंची चौकशी करते. विधवेने इतकी वर्षं दुसरं लग्न का केलं नाही, यावर तिचं स्वतंत्र मत आहे.

गणपतीच्या सुमारास ओहायोकर नाहीसा झाला. भांडण नाही, निरोप नाही. अशी माणसं या खेळात वरचेवर नाहीशी होतात. त्याच्या शेवटच्या परिच्छेदात ड्यूक किल्ल्याच्या जिन्यात अर्ध्यावर उभा आहे, एक हात उगारलेला, तोंड उघडं. शिमगा आला तरी तो तसाच. मनिलाकरीणबाईंनी सुचवलं, भूकंप करू या, बाबा गेले असं लिहू. स्वतःची मुलगी हे म्हणते! नंदूदादाने साफ नकार दिला. ड्यूक त्याचा, त्याचा हात त्यानेच खाली घ्यायचा. पण जिना अरुंद. वरच्या मजल्यावर मेजवानी ठरलेली. तेव्हा लेडी मोरवेननी किल्ल्याच्या मागच्या अंगाला नवा लोखंडी जिना काढायचं ठरवलं. तपशील चुकू नये म्हणून नंदूदादाने स्टेशनजवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्याला गाठलं आणि साठ फुटी गोल जिन्याचा दर विचारला.

“साइट कुठे?” फॅब्रिकेशनवाला म्हणाला.

नंदूदादा खोटं बोलत नाही. “उत्तरेला, डोंगरात. किल्ला आहे.”

“मग ट्रान्सपोर्ट वेगळा पडेल. आणि वेल्डिंगला थ्री-फेज लागेल, आधीच सांगतो.”

नंदूदादाने वहीत टिपून घेतलं.