बारावा खेळाडू

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ‘मुंबई वन’ नावाचे ॲप आले आणि महानगरातल्या अकरा वाहतूक सेवा एका चौकोनी चित्रामागे निमूट उभ्या राहिल्या. मेट्रो चार हातांत वाटलेली, मोनोरेल एक, लोकल एक आणि बससेवा पाच: बेस्ट, ठाणे, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई. झाले अकरा. क्रिकेटचा संघच म्हणा ना! फरक इतकाच, की या संघात अकराही जण कप्तान आहेत.

संघ जाहीर झाला त्या दिवशी एक खेळाडू जायबंदी होता. मोनोरेल २० सप्टेंबरपासून दुरुस्तीसाठी बंदच होती. त्याआधी १९ ऑगस्टच्या पावसात ती भक्ती पार्कजवळ अधांतरी थांबली आणि शेकडो प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्या लावून खाली घेतले. एका वाहनातून उतरून थेट दुसऱ्यात, मध्ये ना जिना, ना रांग, ना वेगळे तिकीट. मल्टिमोडल प्रवास म्हणतात तो आणखी कसा असतो? ॲपवाल्यांनी अग्निशमन दलाला का वगळले, तेच कळत नाही.

त्याच समारंभात मेट्रो ३ चा कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पाही खुला झाला. लोक हौसेने भुयारात उतरले आणि मोबाइलची रेंज गेली म्हणून ओरडू लागले. एकाच मुहूर्तावर शहराला मोबाइलवरचे तिकीट मिळाले आणि मोबाइल चालत नाही अशी जागाही मिळाली, यात ओरडण्यासारखे काय आहे? रेल्वेने तर ही शिस्त कधीच लावली आहे. तिच्या ॲपवर तिकीट हवे ना, मग स्टेशनात उभे राहू नका, बाहेर जा. गाडी प्लॅटफॉर्मला लागते आहे आणि एक सद्गृहस्थ फोन डोक्यावर धरून उलट्या दिशेने, रिक्षा स्टँडकडे धावत सुटले आहेत, असे दृश्य कधी दिसले तर समजा, माणूस कायदा पाळणारा आहे.

आता पैशांचे. बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाचाचे दहा झाले. साध्या लोकलचे किमान तिकीट पाचच राहिले. मेट्रोचा हिशेब तिसराच. बस सोडून लोकल धरली की पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात, लोकल सोडून मेट्रो धरली की पुन्हा तेच. ॲप या सगळ्याची बेरीज करून देते आणि बेरीज अगदी बरोबर येते, हे मान्य केलेच पाहिजे.

मोठ्या शहरांत सगळ्या वाहतुकीवर एकच प्राधिकरण असावे, असे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ सालीच सुचवले होते. पण अकरा कप्तानांना एका टेबलाशी बसवायचे म्हणजे आधी मधल्या खुर्चीत कोण, हे ठरवावे लागते. ॲपमध्ये ती भानगड नाही. तिथे सगळे उभेच असतात.

हेलसिंकीत २०१६ मध्ये ‘व्हिम’ नावाचे असेच ॲप निघाले. ट्राम, बस, टॅक्सी, सायकल सगळे एकात. हवे तर महिन्याचे पैसे एकदम भरा. जगभरच्या परिषदांत त्याची आरती झाली आणि २०२४ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. फिनलंडच्या लोकांचे त्यावाचून काही अडले नाही, कारण बस, ट्राम, मेट्रो, लोकल आणि सुओमेनलिन्ना बेटावर जाणारी बोट यांना तिथे आधीपासूनच एक तिकीट चालते. ॲप त्याच्यावर चढवलेला मजला होता. आपण मजल्यापासून सुरुवात केली आहे. पाया निविदेत आहे.

तोवर जोडणीचे काम करतो आहे तो स्टेशनबाहेरचा शेअर रिक्षावाला. अकरांत त्याचे नाव नाही. संध्याकाळी डोंबिवलीला पुलावरून पायांचा लोंढा खाली येऊ लागला, की त्याला फास्ट लोकल आली हे इंडिकेटरच्या आधी कळते. तो किल्ली फिरवतो आणि आरोळी ठोकतो, “एक सीट, एक सीट!” आत तिघे बसलेलेच असतात. “ताई, जरा सरकून घ्या. काका, तुम्ही पुढे या.” काका पुढे येतात, अर्धे ड्रायव्हरच्या सीटवर, अर्धे महापालिकेच्या हद्दीत. मांडीवर डबा, एक हात मागच्या दांडीला. गाडी किती मिनिटांत सुटेल, हे काका विचारत नाहीत. भरली की सुटते. उतरताना सुट्टे नसले तर सीटच्या पाठीला प्लॅस्टिकमध्ये मढवलेला क्यूआर कोड आहेच. त्याचे उद्घाटन कुणी केल्याचे ऐकिवात नाही.

ॲपची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा या बाराव्यालाही संघात घ्या, अशी सूचना कुणीतरी करीलच. रीतसर प्रस्ताव जाईल, टिपण तयार होईल आणि फाइल पहिल्याच टेबलावर अडेल. परवान्यावर प्रवासी तीन. मग चौथ्या सीटवरच्या काकांना तिकीट कुठल्या नियमाखाली द्यायचे?