‘यूएसए’ची गोल्फ सहल

थायलंडला स्वस्तात गोल्फ खेळायला कसं जायचं, याचा हिशोब बदलापूरकरांनी उगाच मांडत बसू नये. परदेश दोन स्टेशनांवर आहे. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हे कुणाला ठाऊक नाही? व्हिसा नको, सेकंड क्लासचं तिकीट पुरतं. सकाळच्या लोकलमध्ये शिरता आलं, तर सरावही तिथेच उरकतो.

आणि मैदान! स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजने 1764 साली 22 भोकांची 18 केली आणि ही कंजुषी साऱ्या जगाने मुकाट मान्य केली. आपल्याकडे पहिल्याच पावसात मोजणं सोडून देतात. तिकडे भोकाचा व्यास नियमाने 108 मिलिमीटर. आपण नवशिक्यांच्या बाबतीत फारच उदार. पाण्याचे अडथळे तिकडे मुद्दाम खोदतात, इथे ते जुलैत आपोआप भरतात. खडी पसरलेलीच असते, त्यामुळे वाळूच्या बंकरचा खर्च वाचतो. ‘होल इन वन’ साधायला तर चेंडूही लागत नाही, दुचाकी पुरते.

बुकिंग मात्र मंत्र्यांचा दौरा बघूनच करावं. आदल्या रात्री मैदान बुजवतात. पुढच्या सरीनंतर ते पुन्हा खुलं होतं.