टँकररावांस अनावृत पत्र

मिती आषाढ, मुक्काम पुणे, वेशीबाहेरील एक उपनगर.

श्रीमंत राजमान्य राजश्री टँकरराव यांचे सेवेसी,

आपल्या एका निष्ठावंत ग्राहकाचे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, आमच्या गृहरचना संस्थेच्या वार्षिक सभेत गच्चीवरील पावसाचे पाणी साठविण्याचा विषय निघाल्याची वार्ता एव्हाना आपल्या कानी गेली असेल, आणि तीमुळे आपल्या चित्तास काही क्लेश झाले असतील, तर ते वेळीच दूर व्हावेत एवढ्याच हेतूने, कोणी नेमणूक केलेली नसताना, आपल्या वाकनिसाचे काम मी स्वतःच्या शिरावर घेतले आहे.

विषय मांडला तळमजल्यावरच्या बाईंनी. त्या गणित शिकवून निवृत्त झालेल्या असल्यामुळे त्यांचा उपद्रव सामान्य स्वरूपाचा नव्हता. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, आपली गच्ची 500 चौरस मीटरची आहे, पुण्यात वर्षाकाठी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, सबब साडेतीन लाख लिटर पाणी आपल्या डोक्यावर फुकट येऊन पडते, आणि वाफ, गळती व सुरुवातीचे मळके पाणी यांपोटी त्याचा पाचवा हिस्सा वजा घातला तरी 2,80,000 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरवाल्या टँकरच्या 28 खेपा, आपण दरसाल गटारास इनाम देऊन टाकतो, असा हिशेब त्यांनी भर सभेत केला. आपल्या दौलतीवर इतका उघड हल्ला मी यापूर्वी पाहिला नव्हता.

परंतु आपण निश्चिंत असावे. आमच्या सचिवांनी उठून एवढेच विचारले की, पावसाळ्यात साठविलेल्या पाण्याची गरज नसते आणि उन्हाळ्यात साठवायला पाऊस नसतो, मग हा खटाटोप करावयाचा कधी? या युक्तिवादाचे सौंदर्य असे की त्याला उत्तर आहे, पण ते ऐकण्याइतका वेळ कोणापाशी नसतो. सगळेच पाणी टाकीत कोंडून ठेवावयाचे नाही, बागेला आणि संडासाला लागेल तेवढे साठवून बाकीचे खडी-वाळूच्या थरांतून गाळून आपल्या कोरड्या पडलेल्या बोअरभोवतीच्या शोषखड्ड्यात सोडावयाचे, असे बाई सांगू लागल्या, तोच चहा आला; आणि ठराव ‘पुढील सभेत विचारार्थ’ या सदराखाली दप्तरात दाखल झाला.

कायद्याचे भयही आपण बाळगू नये. पाचशे चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या इमारतीस पर्जन्यजलाची व्यवस्था केल्यावाचून सुटका नाही, असे राज्याच्या बांधकाम नियमावलीत स्वच्छ लिहिले आहे, आणि त्या हुकमाची तामिली आमच्याकडे अक्षरशः झालेली आहे. गच्चीवरून एक उत्तम जाड नळ खाली येतो, मधुमालतीच्या वेलाआड जातो, आणि तेथेच संपतो. जमिनीखालची टाकीही आहे. तिच्यात गणेशोत्सवाच्या मांडवाचे बांबू ठेवतात व ते कोरडे राहतात, यावरून टाकीच्या कार्यक्षमतेची कल्पना यावी. भोगवटापत्र मात्र या दोहोंच्या छायाचित्रांवर मिळाले.

आपले खरे वैरी जुने आहेत, आणि सुदैवाने सगळे कैलासवासी. कान्हेरीच्या डोंगरात राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंनी, ज्यांना आपल्यासारख्या दात्याचे दर्शन घडण्याचा संभव नव्हता, कातळावर पन्हळी कोरून पावसाचे पाणी लेण्यालेण्याच्या दाराशी खोदलेल्या टाक्यांत उतरवले. रामचंद्रपंत अमात्यांनी तर आज्ञापत्रात, गडावर आधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून पुढच्या पावसापर्यंत पुरेल अशी टाकी बांधावी, आणि झरा असला तरी त्यावर विसंबून स्वस्थ बसू नये, अशी ताकीद करून ठेवली आहे. आम्हीही गडावर जातो, टाक्यांपाशी उभे राहून छायाचित्रे काढतो, पूर्वजांच्या दूरदृष्टीविषयी गहिवरतो आणि घरी येऊन आपणास दूरध्वनी करतो. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावात पावसाचे पाणी अडवून ते दगडी नळातून शहरातल्या हौदांपर्यंत आणले, त्याला पावणेतीनशे वर्षे होत आली. त्या खटपटीत ते एका गोष्टीला मुकले, ती म्हणजे पहाटे पाचला आपला भोंगा ऐकून अंथरुणातून उठण्याचा आनंद.

एक फितुरी मात्र कळविणे मला प्राप्त आहे. बाईंनी सभेची वाट न पाहता आपल्या खिडकीवरच्या पत्र्याला पन्हळ लावून तिच्या तोंडाशी दोनशे लिटरचे निळे पिंप ठेवले आहे. पहिल्या सरीबरोबर येणारी धूळ आणि कबुतरांची घाण बाहेर सोडण्यास निराळी तोटी, वर डास शिरू नयेत म्हणून बारीक जाळी, शेवाळ धरू नये म्हणून घट्ट झाकण, अशी सगळी तयारी आहे. मृगाच्या सरींतच ते भरून वाहू लागले. त्या पाण्याला साबणाचा फेस चटकन येतो, भांड्यांवर आपल्या पाण्याने उठतात तसे क्षारांचे पांढरे डाग उठत नाहीत, आणि त्यांचा मोगरा तर असा माजला आहे की त्याकडे पाहून पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ परवा पिंपाची किंमत विचारीत होते. मी त्यांना परावृत्त केले. पिंपामुळे इमारतीची शोभा जाते असा एक अर्जही समितीकडे आला आहे. तो माझाच आहे, हे आपल्यापाशी सांगण्यास हरकत नसावी.

बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा.

आपला आज्ञाधारक,
एक सभासद

ता. क. काल आपण कोपऱ्यापर्यंत येऊनही आमच्या दारी पोहोचू शकला नाहीत, कारण पावसाने रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले होते. आम्ही रिकाम्या बादल्या घेऊन खिडक्यांत उभे होतो. त्या खेपेचे पैसे कापावेत अशी काही कोत्या मनाच्या सभासदांची सूचना होती, ती मी हाणून पाडली आहे. बिल पूर्ण रकमेचे पाठवावे.