आप्पांचा काटा आणि शेजारचे शेंगदाणे

लुंड, स्वीडन
रविवार

ती. आई-आप्पांना शि. सा. न.

काल आप्पांचा फोन आला तेव्हा माझे हात कणकेत होते, त्यामुळे धड बोलता आलं नाही. ‘आपला दुकानातला काटा मुंबईच्या टुरिस्टांनी हॅक केलाय’ हेच आप्पा पुन्हा पुन्हा सांगत होते आणि मागून आई ‘पोलिसात जा’ म्हणून ओरडत होती. कृपा करून जाऊ नका. भुशी डॅमची गर्दी आवरता आवरता लोणावळ्याचे पोलीस आधीच मेटाकुटीला आलेले असतात. हे पत्र बाळूदादाच्या हातात द्या, म्हणजे झालं.

पाव किलो चिक्कीचं बिल साडेतीन किलोचं आलं, पण त्यात काट्याचा दोष नाही. दादानं काट्याला एक ब्लूटूथची डबी लावली आणि गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरला दुसरी. काट्याची डबी गप्प बसून हाकेची वाट बघते, गल्ल्यावरची हाका मारत सुटते. शेजारच्या काकांनीही तसलीच जोडी आणली. कारखान्यातून सगळ्यांचा पिन एकच येतो, 1234. त्यात दादानं व्हिडिओ बघून गल्ल्यावरची डबी ‘कुणीही चालेल’ या मोडवर टाकलेली. शनिवारी काकांचा काटा आधी चालू झाला, आपल्या डबीनं त्याच्याशीच सूत जमवलं आणि त्यांचे शेंगदाणे आपल्या बिलात आले. तेव्हा आप्पा, हॅकर आपणच! काकांना काही बोलला असाल तर आजच चहाला बोलवा.

आता दादासाठी. काटा अजिबात उघडू नकोस, वजनमापवाल्यांचा शिक्का तुटला तर नवीनच लचांड. फक्त डब्या काढ आणि चिनूच्या लॅपटॉपला लाव. डबीवरचं बारकं बटण दाबून धरूनच करंट द्यायचा. लाल दिवा भराभर लुकलुकायचा सोडून दोन-दोन सेकंदांनी संथ लागला, म्हणजे ती ऐकायला तयार. वेग 38400 ठेव. ‘एटी’ लिहिल्यावर ‘ओके’ आलं पाहिजे. काट्याच्या डबीला आधी ‘एटी+एडीडीआर?’ विचारून तिचा पत्ता घे. मग गल्ल्यावरच्या डबीला जुन्या ओळखी विसरायला लाव, ‘एटी+आरएमएएडी’. नंतर ‘एटी+बाइंड’ लिहून तो पत्ता दे आणि शेवटी ‘एटी+सीमोड=0’. आता ती दुसऱ्या कुणाकडे ढुंकूनही बघणार नाही. एक खोच आहे: पत्ता सांगताना डबी मधे कोलन घालते, पण बाइंड करताना स्वल्पविरामच लागतात. पिन दोन्हीकडे सारखा बदल, पण आप्पांच्या स्कूटरचा नंबर नको, तो अख्ख्या कामशेतला पाठ आहे. तरी चार आकडे म्हणजे सगळे मिळून दहा हजारच पिन. त्यामुळे या डबीवरून फक्त वजनच जाऊ दे, पैशाचं काही नको. आणि चिनूला सांग, त्याचा आयफोन या डबीशी बोलत नाही म्हणून ती बिघडलेली नसते. ॲपलवाले असल्या साध्या डब्यांना दारातही उभं करत नाहीत.

गंमत म्हणजे हे ब्लूटूथ इथलंच. 1994 साली एरिक्सन कंपनीच्या लुंडच्या ऑफिसात केबल नाहीशी करायच्या खटपटीतून ते निघालं.

आणि या गावात अख्ख्या बिल्डिंगला धुण्याची मशिनं तळघरात! भिंतीवर तारीख-वेळेचा फळा. प्रत्येक घराला एक चिमुकलं कुलूप, ते आपल्या वेळेच्या भोकात अडकवायचं. मग तीन तास तुम्ही राजे. अर्धा तास उशीर झाला की राज्य गेलं. धुऊन झालं की जाळीतला कापसासारखा गाळ काढायचा, फरशी पुसायची. राहिलं तर तोंडावर कुणी काही बोलत नाही, चिठ्ठी लागते. खाली नाव नाही, पण उद्गारचिन्हं भरपूर.

आत्या आली होती तेव्हा तिनं दुसऱ्याच्या पाळीत खाली जाऊन त्याचे ओले कपडे मशिनमधून काढले, झटकून दोरीवर घातले आणि आपल्या साड्या लावल्या. वर येऊन म्हणते, ‘बिचाऱ्याचं काम केलं गं.’ त्यावर लागलेल्या चिठ्ठीचं भाषांतर अजितनं तिला अजून सांगितलेलं नाही.

आत्याचे गुडघे कसे आहेत? कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्या चढली म्हणून मला ओरडायला सांगू नका, ती माझं ऐकते थोडीच. मनीचं लग्न तळेगावात ठरलं हे मला चिनूच्या स्टेटसवरून कळावं? आणि आई, ‘पोर लांब चालली’ म्हणून रडतेस काय? कामशेतहून लोकलनं अर्धा तासही लागत नाही. मी निघाले तेव्हा टिपूस काढलं नव्हतंस, हे माझ्या लक्षात आहे.

इथं रात्री दहापर्यंत उजेड असतो. मिहिर झोपत नाही, मलाही झोप लागत नाही. काल वहिनीनं पाठवलेली इंद्रायणी शिजायला लावली, घरभर वास सुटला आणि मी उगाचच खिडकी उघडून पाऊस आलाय का बघितलं. कोरडं ठणठणीत ऊन! अजितला म्हटलं, कांदा चिरतेय म्हणून डोळ्यांत पाणी. कांदा फ्रीजमध्येच होता.

वहिनीला सांगा, काजूची चिक्की नको, शेंगदाण्याची पाठव. कोथिंबीर वाळवून पाठवता येत असेल तर तीही, कारण इथं चार काड्यांच्या कुंडीला अडीचशे रुपये मोजावे लागतात.

डबीचा दिवा संथ लुकलुकायला लागला की व्हिडिओ कॉल करा. मंगळवारी संध्याकाळी मात्र नको, धुण्याची पाळी आहे.

तुमची,
सुमी